जुनी एमएम ५४० फोंडा घाटात तापते, अर्धे पार्ट बदलून झाले, आता नेमकं काय बघू?

आंबेवाला_देवगड

नमस्कार मंडळी. गाडी १९९४ ची महिंद्राची एमएम ५४० जीप, एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, २११२ सीसीवालं. बाबांनी २००३ मध्ये सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून आमच्या बागेचं सगळं काम हीच करते, सड्यावरून खत चढवणं, पावसाच्या आधी लाकडं आणणं, आणि सीझनला आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूर. विकायचा विषय नाही हे आधीच सांगतो, बाबांचा जीव आहे तिच्यावर आणि माझाही.

प्रॉब्लेम असा. जामसंडे ते नांदगाव तिठा सपाट-चढउतार सगळं नीट जातं, काटा मध्यावर. हायवे ओलांडून फोंड्यापर्यंत पण ठीक. घाट सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर काटा वर सरकायला लागतो आणि अर्ध्या घाटात लालला टेकतो. मग बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, अर्धा-पाऊण तास बसायचं, पाणी घालायचं आणि परत तेच. मागच्या महिन्यात १५ पेट्या मागे असताना दोनदा थांबलो, माल उन्हात, खाली मुंग्या, वर व्यापाऱ्याचा फोन. रिकामी असली तर कशीबशी चढते. गंमत म्हणजे घरी अंगणात तासभर चालू ठेवली तरी तापत नाही.

आतापर्यंत केलेलं: वॉटर पंप नवा, फॅन बेल्ट नवा, रेडिएटर कॅप नवी, थर्मोस्टॅट मेस्त्रीने काढूनच टाकला, दोनदा पाईप लावून रेडिएटर धुतला. पाणी विहिरीचं आणि त्यात थोडा हिरवा कूलंट. आता मेस्त्री म्हणतो हेड उतरवू, नाहीतर इंजिनच बदलून महिंद्राचं डीआय डिझेल इंजिन बसवू. एवढा खर्च करायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. मोठा चार कोअरचा, म्हणजे नळ्यांच्या चार ओळींचा, रेडिएटर टाकला तर भागेल का? पाऊस सुरू व्हायच्या आत दोन खेपा अजून मारायच्या आहेत.

घाटवाट_चिपळूण

आंबेवाले भाऊ, आधी हेड उतरवू नका. आणि इंजिन बदलायचा विचार तर आजच सोडा. मी कुंभार्ली घाटात जुन्या जीपा बरीच वर्षं चढवतोय, या गाड्या मुळात तापणाऱ्या नाहीत, काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून तापतात आणि ते काय हे गाडी स्वतःच सांगते, फक्त कधी तापते ते नीट बघायचं.

जी गाडी उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि रस्त्याला लागली की थंड होते तिला हवा कमी पडते, म्हणजे फॅन, बेल्ट, श्राउड (फॅनभोवतीचं कडं), समोर काहीतरी अडकलेलं. जी उभी असताना शांत पण लोड आला की तापते, तिच्यात पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. तुमची दुसऱ्या प्रकारची. अर्थात हेड गॅस्केट किंवा डिझेल पंपाचा टायमिंग पण लोडवरच त्रास देतो म्हणून ते नंतर बाजूला काढावं लागेल, पण पहिला संशय रेडिएटरवरच.

एक टेम्परेचर गन मिळवा, हार्डवेअरच्या किंवा एसीवाल्याच्या दुकानात असते. कोविडमधली कपाळाला लावायची गन घेऊ नका, ती ४२-४३ च्या वर वाचतच नाही. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर काळी टेप चिकटवा, कारण चकचकीत पितळेवर गन चुकीचं वाचते. मग घाट थोडा चढून, काटा वर जायला लागला की सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवून लगेच दोन्हीकडे मोजा. चांगल्या रेडिएटरमध्ये वर-खाली फरक सहा ते दहा डिग्रीचा असतो. फरक तीन-चारच असेल तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाहीये. आणि फरक तीस-चाळीस डिग्री आला तर लोक खूश होतात की बघा रेडिएटर किती गार करतोय, पण ते उलटं आहे, पाणी इतकं कमी जातंय की आत पडून पडून गार होतंय आणि इंजिन मात्र उकळतंय. मधल्या जाळीवर पण गन फिरवा, कुठे एकदम गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद.

अजून एक, थर्मोस्टॅट परत बसवा. त्यावर खाली लिहितो कारण बऱ्याच जणांचा गैरसमज आहे.

आणि हात जोडून सांगतो, तापलेल्या गाडीची कॅप उघडू नका. प्रेशरमुळे आतलं पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप फिरवली की प्रेशर जातं आणि पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. माझ्या ओळखीच्या ड्रायव्हरचा हात कोपरापर्यंत भाजलाय, गोणपाट घेऊन उघडली होती तरी. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेड अलॉयचं आहे, तडा जातो किंवा वाकतं.

कुडाळचो_जीपवालो

रे भावा, वाचून बरा वाटला, अजून कोणतरी ५४० सांभाळता. माझी १९९१ ची आसा.

तू पयला सांग, तुझी विहीर खाडीकडे आसा काय? मचूळ पाणी असला तर तेना आत खपली धरता आणि पाईप लावून धुतलेली ती काय सुटणा नाय. दुसरा, तुझ्या बाबांका इचार, कधी रेडिएटर गळलेलो काय आणि तेव्हा कोणी आत हळद टाकलेली काय. आमच्याकडे जुने मेस्त्री हेच करीत, गळती दिसली की मूठभर हळद, कोण अंडा फोडून घाली. गळती थांबता, खरा आसा. पण हळद काय फक्त भोकातच जावन बसणा नाय, ती नळयेनळयेत बसता. माझ्या गाडयेची टाकी उघडली तेव्हा आतसून पिवळो चिखल निघालो, वासावरसून समजला. तेच्या आधी दोन वर्सां मी वॉटर पंप आणि बेल्ट बदलीत होतंय, अगदी तुझ्यासारखो.

आणि पुढच्या जाळयेत बघ. सड्यावरसून फिरतस म्हणजे कुसळां भरलेली असतली.

सह्याद्री_ड्रायव्हर

मी थोडं वेगळं सांगतो. थर्मोस्टॅट परत बसवायची गरज नाही. आपल्याकडे कोकणात थंडी कुठे आहे, एप्रिल-मेमध्ये ३५ च्या वर आणि घामाने भिजवणारी हवा, थर्मोस्टॅट हा थंड देशातल्या गाड्यांसाठी. माझ्या दोन गाड्यांमध्ये नाही, काही झालं नाही. त्यापेक्षा समोर १४ इंची इलेक्ट्रिक फॅन लावा, स्विच आत घ्या, घाट आला की चालू. माझा अनुभव चांगला आहे.

घाटवाट_चिपळूण

दादा, तुमच्या गाड्या चालल्या त्याबद्दल वाद नाही, पण कारण समजून घ्या. थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही हे एक काम, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं म्हणजे ज्या इंजिनात पाण्याला परत फिरायची बायपासची वाट असते तिथे गरम झाल्यावर तो ती वाट बंद करतो. काढून टाकला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परत जातो. म्हणजे जिथे गाडीला जास्तीत जास्त थंडाव्याची गरज आहे, नेमकं तिथेच तुम्ही थोडं पाणी चुकीच्या वाटेने पाठवताय. "पाणी फार जोरात फिरतं म्हणून गार व्हायला वेळ मिळत नाही" असं जे सांगतात ते मात्र खरं नाही, जोरात फिरलेलं बरंच. खरी भानगड बायपासची.

शिवाय डिझेल इंजिन गार राहिलं की धूर, डिझेल जास्त, लायनर-रिंग झिजतात. कोकणात हवा ३५ असली तरी इंजिनाला ८०-९० लागतं, ३५ काय आणि १५ काय, इंजिनाच्या हिशोबाने दोन्ही गारच.

नवा घेतला तर बसवायच्या आधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोबत ठेवा. त्यावर जो आकडा कोरलेला असतो, बहुतेक ८२, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि अजून दहा-पंधरा डिग्रीत पूर्ण. नवीन पण कधीकधी खराब निघतो म्हणून हे पाच मिनिटांचं काम करायचंच.

इलेक्ट्रिक फॅनबद्दल, यांची गाडी उभी असताना तापत नाही म्हणजे हवा पुरतेय. चोंदलेल्या रेडिएटरवर कितीही हवा मारा, नळीतून पाणीच जात नसेल तर गार काय होणार? वरून फॅनच्या करंटला अल्टरनेटर पुरतो का ते बघावं लागेल, रिले आणि जाड वायर लागेल. तो पैसा आधी रेडिएटरवर घाला.

रत्नागिरीची_जिप्सी

माझ्याकडे जिप्सी आहे, १२९८ सीसी एमपीएफआय, त्यामुळे इंजिन वेगळं पण एक गोष्ट सांगायची होती. काटा खरं बोलतोय का ते आधी बघा.

आम्ही भाट्ये किनाऱ्याजवळ राहतो, खारी हवा चोवीस तास. माझी गाडी संध्याकाळी तापायची आणि दिवसा नाही. दोन महिने मी वेड्यासारखी पाणी, कॅप, होस सगळं बघत होते. शेवटी लक्षात आलं की हेडलाईट लावली की काटा वर जातो आणि बंद केली की खाली. इंजिनापासून चासीला येणारी अर्थची पट्टी आतून हिरवी पडून सडली होती, वरून धड दिसत होती. नवीन जाड वायर टाकली, टोकं घासून, ग्रीस लावून, आणि काटा जागेवर आला. जर टेम्परेचरबरोबर डिझेलचा काटा पण वर जात असेल तर मीटरमागचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा तुकडा बघा.

तुम्हाला दर वेळी पाणी घालावं लागतंय म्हणजे खरंच तापतेय, पण तरी सांगितलं कारण दुरुस्ती झाल्यावर पण काटा वर दिसला तर घाबरून जाल.

आणि घाटात गिअर कोणता असतो? तिसऱ्यात ओढत नेता का? इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा फॅन आणि पंप हे दोन्ही इंजिनच्या वेगावरच फिरतात, हळू इंजिन म्हणजे हळू हवा आणि हळू पाणी, आणि लोड मात्र पूर्ण. दुसऱ्यात घेऊन इंजिन मोकळं फिरू द्या, डिझेल थोडं जास्त जाईल पण गाडी गार राहील.

आंबेवाला_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. काल दिवसभर तेच केलं, आता एकेक सांगतो.

पहिलं हळदीचं. बाबांना विचारलं तर थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले हो, राधानगरीच्या पुढे एकदा रेडिएटर फुटलेला, रात्र होती, आई आणि मी गाडीत होतो, रस्त्यावरच्या एका मेस्त्रीने हळद टाकून घरी पाठवलं. मला अंधुक आठवतंय ते, मी शाळेत होतो, गाडीत फोडणीसारखा वास येत होता. म्हणजे पंधरा वर्षं तरी झाली असतील. कुडाळचे भाऊ, तुम्ही बघितल्यासारखं सांगितलंत.

विहीर खाडीपासून लांब नाही, मे महिन्यात पाणी मचूळ होतंच, चहाला आम्ही दुसरीकडून आणतो. रेडिएटरला मात्र तेच घालत होतो.

एसीवाल्याकडून गन आणली, टेप लावली. फोंड्याच्या वर नेहमीच्या जागी काटा चढला तेव्हा वरची टाकी ९७, खालची ५६. जाळीच्या डाव्या बाजूला खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा पन्नासच्या आत. इंजिन चालू ठेवलं, जरा रेस ठेवली, पाणी होतं म्हणून, आणि दहा मिनिटांत काटा खाली आला.

समोरून बॅटरी मारून बघितलं तर जाळीत कुसळं आणि लाल धूळ यांचा थर, आणि त्याच्या पुढे मीच गेल्या वर्षी बारीक प्लास्टिकची जाळी बांधली होती कुसळं आत जाऊ नयेत म्हणून. ती लगेच कापून टाकली. फॅनला श्राउड नाहीच, बाबा म्हणतात बेल्ट बदलायला अडचण व्हायची म्हणून कोणीतरी काढला आणि परत बसवला नाही. गिअर तिसराच असतो माझा. हेडलाईट लावून काटा थोडा हलतो, अगदी थोडा.

आता प्रश्न असा, आहे हाच रेडिएटर साफ करून घेऊ की नवा? आणि हेड गॅस्केट गेलेलं नाही हे कसं कळणार?

डाग_आणि_पितळ

नमस्कार. मी सावंतवाडीत रेडिएटरचंच काम करतो, माझ्या वडिलांपासून. तुमचा आकडा वाचला, ९७ आणि ५६, रेडिएटर चोंदलाय यात मला शंका नाही. नवा घ्यायच्या आधी जुना बघा, कारण जुना तांब्या-पितळेचा जड रेडिएटर सहसा नव्या बाजारू मालापेक्षा चांगला असतो आणि दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमचा हलका असतो, थंड पण चांगला करतो, पण घाटात कुठे फुटला तर गावातला माणूस त्याला डाग (सोल्डर) देऊ शकत नाही.

घरी एक टेस्ट करा. रेडिएटर उतरवा, खालचं तोंड हाताने दाबून धरा, वरून पूर्ण भरा आणि हात सोडा. पाणी तोंडभर भसकन आलं पाहिजे. बारीक धार लागली तर नळ्या बंद.

मग फिन्स, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, बघा, हे आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं. बोटाने हळूच चोळा. हिरवी पूड पडली किंवा फिन चुरगळून हातात आली तर खाऱ्या हवेने फिन आणि नळीचा जोड खाल्लाय. नळी आतून कितीही साफ करा, उष्णता फिनपर्यंत पोचणारच नाही, अशा वेळी कोअर, म्हणजे मधली नळ्यांची जाळी, बदलायचा, दोन्ही टाक्या जुन्याच ठेवून. फिन्स घट्ट असतील तर रॉडिंग पुरेल.

रॉडिंग म्हणजे वरची टाकी डाग सोडवून काढतात आणि प्रत्येक चपट्या नळीतून पातळ पट्टीची सळई घालून खपली खाली ढकलतात. नुसतं तेजाब ओतून साफ करणाऱ्याकडे देऊ नका. तेजाबाने खपली विरघळते, पण डागही पातळ होतो आणि हळदीचा गोळा तसाच राहतो. टाकी उघडल्यावर तुम्ही स्वतः उभे राहून बघा, सगळ्या नळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. आधी कोणी गळणाऱ्या नळ्या डागाने कायमच्या बुजवल्या असतील तर त्या मोजा. दोन-तीन ठीक आहे, दहा-बारा असतील तर कोअर नवा घाला. शेवटी पाण्यात बुडवून हवा मारून टेस्ट, कॅपवर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच, त्यापेक्षा जास्त मारून चांगला रेडिएटर फोडणारे पण बघितलेत मी.

रंग द्यायचा तर काळा पातळ, स्प्रेने. जाड ऑईलपेंट ब्रशने फासू नका, फिन्सना गोधडी पांघरल्यासारखं होतं.

इंजिनाच्या आतली खपली काढायला मेडिकल किंवा किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, लिंबूसत्व, थोडंसंच पाण्यात घालून गाडी गरम होईपर्यंत चालवा, गार झाल्यावर ते काढून दोन-तीन वेळा साध्या पाण्याने फिरवा. आपण चिंचेने तांब्याची कळशी घासतो त्यातलाच प्रकार. धुण्याचा सोडा घालू नका, तो अलॉय हेडला खातो. आणि हे सगळं रॉडिंगच्या आधी करा, नाहीतर इंजिनातून सुटलेला गाळ नव्याने साफ केलेल्या नळ्यांत जाऊन बसेल.

श्राउड पत्र्याचा बनवून घ्या. फॅनची पाती साधारण अर्धी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर, चारही बाजूंनी बोटभर अंतर. इंजिन रबरावर हलतं त्यामुळे अगदी घासून करू नका. श्राउड नसला की फॅन फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो, रेडिएटरचे कोपरे कोरडे राहतात.

घाटवाट_चिपळूण

काकांनी सगळं सांगितलं, हेड गॅस्केटचं मी सांगतो. सकाळी एकदम गार गाडी, कॅप उघडी ठेवून पाणी काठोकाठ, मग स्टार्ट करा. पहिल्या मिनिटात दोन-चार बुडबुडे येणारच, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नाहीत, रेस दिल्यावर वाढतात, पाणी उसळून बाहेर येतं, तर गॅस पाण्यात येतोय. दुसरं, कॅप लावून स्टार्ट केल्यावर इंजिन गार असतानाच वरचा होस दगडासारखा कडक होतो का बघा. ऑईलच्या काठीवर चहासारखा रंग, सायलेन्सरमधून पांढरा धूर जो गाडी गरम झाल्यावरही जात नाही, गळती न दिसता पाणी कमी होणं, ही पण लक्षणं. खात्री करायची तर मोठ्या गॅरेजमध्ये निळ्या औषधाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर लावतात, गॅस असेल तर रंग पिवळट पडतो.

तुमची गाडी चालू ठेवून दहा मिनिटांत गार झाली त्यावरून मला गॅस्केट गेलेलं वाटत नाही. ते केलंत ते पण बरोबर केलंत. पाणी आहे आणि बेल्ट आहे तोपर्यंत लोड काढून इंजिन चालू ठेवायचं, एकदम बंद केलं तर आतली उष्णता तिथेच अडकते. पाणी गेलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र त्याच क्षणी बंद.

खालचा होस बघायला विसरू नका. रेस देताना तो चपटा होत असेल तर पंप पाणी ओढतोय आणि होस मिटतोय, आतली स्प्रिंग सडलेली असते.

आणि पाणी बदला. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये मिळतं, ते आणि कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून अर्धं-अर्धं घालायची गरज नाही, एक हिस्सा कूलंट दोन हिस्से पाणी पुरे, पण त्याहून कमी नको, गंजाचं औषध त्यातच असतं. हिरवा आणि लाल एकत्र करू नका.

कुडाळचो_जीपवालो

एक रवला. पावसात व्हाळातसून गाडी घालतस तेव्हा पाणी बंपराच्या वर असला तर आधी गाडी थोडी गार होवंदे आणि फॅन बेल्ट सैल कर. फॅन पाण्यात फिरलो की पाती पुढे वाकतत आणि रेडिएटरात घुसतत, माझ्या भावाची तशीच गेली. आणि व्हाळाची माती जाळयेत सुकली की दुसऱ्या दिवशी घाटात तापता, तेव्हा घराक इल्यार लगेच पाणी मार, पण इंजिनाच्या बाजूसून पुढे, हळू. प्रेशर मशीन तिरपा धरलास तर फिन्स झोपतत.

आंबेवाला_देवगड

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, सीझन होता.

सावंतवाडीच्या काकांनी सांगितलेली पाण्याची टेस्ट केली, करंगळीएवढी धार. फिन्स खाली डाव्या कोपऱ्यात थोड्या सैल पण बाकी घट्ट. कणकवलीत एकाकडे दिला, मी आणि बाबा दोघंही तिथेच बसलो. टाकी उघडली तेव्हा निम्म्याच्या वर नळ्या दिसतच नव्हत्या, राखाडी खपली आणि खाली पिवळट तपकिरी गाळ. बाबांनी बोटाने उचलून बघितला आणि म्हणाले, ही त्या रात्रीची. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटलं बाबा, त्या हळदीनेच आपण त्या रात्री घरी पोचलो.

चार नळ्या आधीच बुजवलेल्या होत्या, बाकी सगळ्या रॉड मारून मोकळ्या झाल्या. इंजिन लिंबूसत्वाने धुतलं, पहिलं पाणी तर वहाळाला पूर आल्यावर असतं तसं लाल. ८२ चा थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून बसवला, आई म्हणाली पातेलं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही. पत्र्याचा श्राउड वेल्डरकडून करून घेतला, पहिल्यांदा जवळ झाला आणि पाती घासली, मग वाढवून घेतला. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. भरताना गाडी चढावर नाक वर करून लावली आणि कॅप उघडी ठेवून होस दाबत राहिलो, तरी पहिल्या दिवशी हवा राहिली होती, दुसऱ्या सकाळी जवळजवळ लिटरभर अजून मावलं. बुडबुड्यांची टेस्ट साफ, गॅस्केट शाबूत.

त्यानंतर दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला १२ पेट्या, दुसरीला १८. दुपारी दोन वाजता मुद्दाम चढवली, दुसऱ्या गिअरमध्ये. घाटमाथ्यावर थांबून मोजलं, वर ८९, खाली ८१. काटा मध्याच्या जरासा वर गेला आणि तिथेच राहिला. दाजीपूरच्या बाजूला चहा प्यायलो, बॉनेट न उघडता, हे किती वर्षांनी झालं ते बाबांनाच ठाऊक.

राहिलेलं काम म्हणजे अर्थची वायर, हेडलाईटला काटा अजून हलतो, ती रत्नागिरीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे पावसाआधी टाकतो. खालचा होस पण जुनाच आहे, तो या मापाचा स्प्रिंगवाला कुठे मिळेल ते कोणाला माहीत असेल तर सांगा, देवगड-कणकवलीत नाही मिळाला. आणि कुडाळचे भाऊ, पुढच्या रविवारी तिकडे येतोय, तुमची ९१ बघायची आहे, बाबा पण येतायत, एक पेटी तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय.

कुडाळचो_जीपवालो

ये ये, बाबांका घेवनच ये. होस माझ्याकडे एक जादाचो आसा, लावन बघूया.